लाल यालीखालचं नाव

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया, सोमवार, ६ ऑगस्ट १९८४
गणपतीच्या स्मरणिकेचे लेख आले. अठरा. यंदाही सगळी पानं मीच हाताने लिहून काढायची, मग झेरॉक्स. मराठी टाइपरायटर मंडळात कोणाकडे नाही. असता तरी माझ्या अक्षराची सर आली नसती. सुमन म्हणाली, "अहो, यंदा तुमचा पण एक लेख द्या की." म्हटलं, वही पुरी होऊ दे.

बुधवार, ८ ऑगस्ट
मंडळातल्या विलासचं पाकीट उघडलं. 'बॉस्फरसच्या काठचे महाल', ले. विलास, आर्किटेक्ट.
पहिलंच वाक्य: "तोपकापी ही एक इमारत नव्हे, ती अंगणांची माळ आहे, दोल्माबाहचे महाल म्हणजे मात्र युरोपला दाखवण्यासाठी बांधलेली एकच लांबलचक दर्शनी भिंत."
हे वाक्य माझं आहे. ७९ साली मुंबईला जाताना तीन दिवस इस्तंबूलला उतरलो, तिथून सुरू झालेल्या वहीतलं, पान ४. वही त्याने मे महिन्यात नेली. "दोन दिवस दे यार, नुसती चाळतो." तीन आठवड्यांनी परत आली, पान ३१ वर तेलाचा डाग.

गुरु. ९
पूर्ण वाचला. यालींचा भाग शब्दशः उचललाय. याली म्हणजे अगदी पाण्याला टेकून बांधलेले लाकडी वाडे. पुढे झुकलेल्या खिडक्या, अर्धं घर बायकांचं, अर्धं पाहुण्यांचं. लाल यालीचं माझं चित्रही ट्रेस केलंय.
आणि हे: "बोटीच्या कठड्याशी मी फोटो काढत होतो, पत्नीच्या मांडीवर नारळाच्या वड्यांचा डबा."
विलास इस्तंबूलला गेलेलाच नाही!
सुमनला वाचून दाखवलं. तिने पान हातातून घेऊन स्वतः वाचलं. मग, "वड्यासुद्धा?"

शुक्र. १०
फोन केला. हसला. "अरे, चिडतोस काय? तू ड्राफ्ट्समन, तेही मशीनच्या पार्टांचा. तुझ्या नावाने महालांवर कोण वाचणार? आर्किटेक्ट लिहिलं की वजन येतं. मटेरियल वाया जात होतं यार."
वाया. पाच वर्षं, दर शनिवारी लायब्ररी. शाळा सोडल्यावर जे शिकलो ते असंच, कोणी शिकवलं नाही. मला वजन नाही.

रवि. १२
संपादक नलिनीकाकूंकडे वही घेऊन गेलो. त्यांनी चहा दिला. "विलास म्हणतो, लेख त्याचाच, तुम्हाला वहीत उतरवायला दिला होता."
"काकू, वही माझ्या अक्षरात आहे."
"अहो, मंडळाचं सगळंच तुमच्या अक्षरात असतं. माझा उकडीच्या मोदकांचा लेखसुद्धा."
सहा वर्षं सगळ्यांचं लिहून दिलं त्याचं हे फळ.

मंगळ. १४
पुराव्यासाठी लाल यालीची स्लाइड काढली. चित्राशी जुळेल अशी धरून भिंग लावून पाहिली. शेजारच्या धक्क्यावर बारीक पाटी आहे, तिची अक्षरं उलटी.
दोनदा पाहिली. स्लाइड प्रोजेक्टरमध्ये उलटी घातली होती मी, ७९ साली, आणि तीच भिंतीवर पाहून चित्र काढलं. होडीघर उजवीकडे हवं, माझ्याकडे डावीकडे. बायकांची बाजूही चुकली. अख्खी याली आरशातली.
विलासच्या लेखातही होडीघर डावीकडेच.
ही चूक फक्त माझ्या स्लाइडवरूनच होऊ शकते, म्हणजे पुरावा आहे. चोरी त्याची, चूक माझी.

बुध. १५
मीनाला सांगितलं. "बाबा, जस्ट टेल देम! दे विल नो ही कॉपीड."
सांगायचं म्हणजे मंडळाच्या हॉलमध्ये उभं राहून म्हणायचं, मी पाच वर्षं घर उलटं काढून बसलो होतो. मी, जो दर वर्षी सगळ्यांच्या चुका लाल पेन्सिलीने दाखवतो. विलास पहिला हसेल. "बघा, हे ड्राफ्ट्समन!"
न सांगावं तर चित्र तसंच छापायचं. चुकीचं. माझ्या हाताने.

शनि. १८
बाकी सतरा लेख लिहून झाले. विलासचा आज. माझीच वाक्यं, मीच उतरवतोय, त्याच्यासाठी. वड्यांच्या ओळीपाशी सुमन मागे येऊन उभी राहिली. "ती ओळ गाळा." गाळली. ती आमची होती.
चित्र नव्याने काढलं. होडीघर उजवीकडे. उलटं घर माझ्या हातून जाणं शक्यच नाही, कोणाच्याही नावाने जावो. पण हे बरोबर काढलं आणि पुरावा पुसला गेला, हेही कळतंय. जुनं चित्र फाडलेलं नाही. स्लाइडसकट वहीत आहे.

रवि. १९
सकाळी विलासचा फोन. "झालं का माझं पान? चारला येतो न्यायला."
"झालं. एक ओळ राहिलीय."
"कुठली?"
"शीर्षकाखालची."
मग म्हणाला, "यार, असं काय करतोस? सगळ्यांसमोर तमाशा नको."
मी फोन ठेवला.
पान टेबलावर आहे. शीर्षक, खाली बोटभर कोरी जागा, मग मजकूर. शेजारी वही, पान ३१ उघडून. सुमनने चहाचं आधण ठेवलंय, तीन कपांचं. तिसरा विलासचा.
चारला पाच कमी. पेनाचं टोपण काढून ठेवलं. कोऱ्या जागेत माझं नाव त्याच्यासमोरच लिहायचं.

गाडी आली.