श्रेयाची पहिली सुरी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
पोरांसाठीची छोटी सुरी, बारामतीहून – एकशे ऐंशी रुपये. खरी किंमत – सूनबाईंचा दिवसभराचा अबोला, बायकोचे, म्हणजे कौसल्येचे, दोन टोमणे आणि रविवारपर्यंत माझी अब्रू गहाण!

नात श्रेया सहा वर्षांची. पेरू खाण्यापेक्षा कापायची हौस जास्त. सूनबाई राजेश्वरी म्हणते, "आबा, बोट कापलं म्हंजे?" कापू नये म्हणूनच शिकवायचं! लपवलेली सुरी पोरं चोरून घेतात. शेवटी ठरलं – रविवारी श्रेयानं सगळ्यांसमोर काकडी चिरायची. रक्ताचा थेंब दिसला, तर पोर दहा वर्षांची होईपर्यंत सुरी कपाटात.

श्रेयाचे डोळे भरले. "आबा, जमंल ना मला?"

जमेल की! दुसऱ्याच्या हॉटेलात कांदे चिरता चिरता अंथुर्ण्याच्या रस्त्यावर स्वतःचं हॉटेल टाकलं मी. संध्याकाळी घरी ओसरीवर बसतो आणि नुसत्या आवाजावरून सांगतो – आत कौसल्या चिरतेय की राजेश्वरी. माझ्या कानाआड या घरात मिरचीसुद्धा चिरली जात नाही!

४ फेब्रुवारी
पहिला धडा – काकडी धरायच्या हाताची बोटं वळवायची, नखं आत. श्रेया म्हणाली, "मांजर झोपलं!" नाव पक्कं.

दुसरा – सुरी पडली तर झेलायची नाही. हात वर, पाय मागं! सरावाला लाकडी चमचा पाडला. श्रेयानं टुणकन उडी मारली. चमचा झेलला मी! चाळीस वर्षांची खोड. कौसल्या पदर तोंडाला लावून – "घ्या! मास्तरच नापास."

५ फेब्रुवारी
श्रेयानं दिवसभर घरातले सगळे चमचे पाडले.

७ फेब्रुवारी
आधी केळं, मग काकडी. सुरीला मीच धार काढली – बोथट सुरीच घसरते. पोरीनं काकडी आधी उभी चिरली आणि सपाट बाजू खाली ठेवली, लोळू नये म्हणून. अरे, हे तर मी उद्या शिकवणार होतो!

"दे सुरी," म्हटलं. तिनं ती ओट्यावर ठेवली, मूठ माझ्याकडं करून. "हातात न्हाय देत, आबा. भांडण हुतं."

हे मी शिकवलेलंच नाही. रक्तातच आहे पोरीच्या! गल्ल्यावर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं – चार दिवसांत तयार केली.

९ फेब्रुवारी, रविवार
राजेश्वरी हळदीचा डबा हातात घेऊनच उभी. मलाच घाम. श्रेया पुटपुटली, "मांजर झोपलं..." आणि खस्, खस्, खस्. सगळी काकडी! थेंबसुद्धा नाही!

राजेश्वरीनं डबा खाली ठेवला, लेकीची दहाही बोटं उलटसुलट करून बघितली. मग कोशिंबीर दोनदा वाढून घेतली. "सुरी वरच्या फळीवर ऱ्हाईल. मागितल्याशिवाय घ्यायची न्हाय." "व्हय आई!" – आणि पोर अंगणभर नाचली.

"सहा दिवसांत!" मी सगळ्यांना सुनावलं. कौसल्या खाली मान घालून भाकरी वाढत होती. फारच गप्प!

१० फेब्रुवारी
कौसल्येनं आज सांगितलं. राजेश्वरी बँकेतून यायच्या आत, दिवाळीपासून रोज संध्याकाळी काकडी श्रेयाच चिरते. कौसल्येजवळ बसून. मी तेव्हा ओसरीवरच असतो.