साहेबांचा ताबा आणि एका तारेची कबुली

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, बुकबाइंडिंगच्या कारखान्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे.

१. दोन खोल्या आणि गॅलरी माझ्या धाकट्या बहिणीला. ती समोरच्या इमारतीत भाड्याने राहते. अकरा वर्षे आमचे बोलणे कामापुरते.

२. बँकेत असेल ते साहेबांच्या दाण्यापाण्याला. साहेब म्हणजे माझा काकाकुवा, वय एकोणीस. अजून तीस वर्षे सहज जगेल आणि रोज काहीतरी कुरतडेल.

३. दाभण, पुठ्ठ्याची सुरी आणि कागदाला घड्या घालायची हाडाची पट्टी धाकटीला. कारखान्याच्या जुन्या मुकादमाने मागितली तरी देऊ नये. साहेबांच्या खेळण्यांसाठी जमवलेली कात्रणे त्याने माझ्यादेखत केरात ओतली होती.

४. चुलतभावाला दाराबाहेरचे पायपुसणे. "पक्षीच तो, सोडून द्या खिडकीतून" असे म्हणणाऱ्याला एवढे पुष्कळ झाले. साहेब बाहेर दोन दिवस जगणार नाहीत.

५. साहेबांचा ताबा धाकटीकडे. तिच्याइतके पक्ष्याचे कोणाला कळत नाही. आठवड्याला दोन खेळणी लागतात: साध्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, दाभणाने भोके, सुती दोरी, घडीत लपवलेले दाणे. दोरी आखूड ठेवावी, नाहीतर पाय अडकतो. आपण दुपारभर खपून केलेले साहेब तासाभरात फाडतात. फाडण्यासाठीच असते ते, राग धरू नये. तार मात्र कधीही, कुठेही वापरू नये.

परवा मी तिला दारातच विचारले, घेशील का? ती म्हणाली, "माझ्या हातून एक मेला, ताई. दुसरा नको." म्हणून पुढचे कलम लिहिणे भाग आहे.

६. धाकटीचा पोपट टकल्या अकरा वर्षांपूर्वी मेला. त्या दिवशी तिचा नॉनस्टिक तवा गॅसवर राहून करपला होता. त्या धुराने पक्षी मरतात, साहेब गॅलरीत होते म्हणून वाचले, हे तिला मीच सांगितले. तिने ते मनाला लावून घेतले आणि महिनाभरात हे घर सोडले.

टकल्या धुराने मेला नाही. त्याचे खेळणे मी केले होते. कारखान्यात दोरा संपला, म्हणून पुठ्ठे वह्या शिवायच्या तारेने शिवले. त्या तारेवर जस्ताचा मुलामा असतो. टकल्या तो तीन आठवडे चाटत, चावत राहिला. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी तपासून मला सांगितले, "बाई, पोटात जस्त सापडलं." मी म्हणाले, तिला मी सांगते. सांगितले नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता अकरा वर्षे गेली. मला तिच्यासमोर उभे राहण्याची हिंमत नव्हती, आणि आजही नाही.

७. <s>हे मृत्युपत्र माझ्या मृत्यूनंतरच उघडावे.</s>

सातवे कलम मी खोडले आहे. साक्षीला आलेल्या त्याच पक्ष्यांच्या डॉक्टरांनी सहावे कलम वाचून पेन खाली ठेवले. "मला वाटत होतं, तुम्ही तेव्हाच सांगितलंत. मेल्यावर कळवून तुम्ही सुटाल, ती नाही सुटणार. बोलवा तिला, मग सही करतो."

बोलावले. धाकटीने उभ्यानेच वाचले. मग म्हणाली, "अकरा वर्षं मी गॅस बंद केला की तीनदा बघते. दारातून परत येऊन बघते." तिने पिंजऱ्यातले खेळणे काढले, प्रत्येक गाठ नखाने चाचपून पाहिली, तार नाही याची खात्री केली आणि पुन्हा टांगले. साहेबांनी तिचे बोट चावले. तिने हात मागे घेतला नाही.

जाताना पिंजरा उचलून म्हणाली, "याला नेते. घराचं कलम खोड, मला तुझं घर नको. आणि उद्या मरू नकोस. मला तुझ्याशी भांडायचंय."

पहिले कलम मी खोडलेले नाही. त्यावर भांडू.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल, पिंजऱ्याच्या रिकाम्या हुकाखाली
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, दुपारी चार

सही: थोरली
साक्षीदार पहिला: पक्ष्यांचे डॉक्टर
साक्षीदार दुसरा: शेजारचे घड्याळजी