विहीर नंबर चारचे अयाचित व्रत

मुक्काम मुरबाड, जिल्हा ठाणे
आश्विन वद्य पंचमी, शके १८६०

तीर्थरूप दादांच्या पायांवर धाकट्या ठकूने डोके ठेवले आहे, आशीर्वाद द्यावा.

इकडे आम्ही सगळी देवाच्या दयेने हिंडतीफिरती आहोत. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? निर्गुडीचा पाला शेकून बांधत जा म्हणावे, विकतच्या तेलाच्या नादी लागू नका (पाला फुकट मिळतो आणि वास तेवढाच वाईट येतो). तुमच्या संस्कृतच्या तासाला मुले अजून डुलक्या घेतात का? शब्दरूपावळी म्हणताना मी कधी डुलकी घेतली नाही, हे तुम्ही नेहमी सांगता. त्याच भरवशावर हे लांबलचक पत्र लिहायला बसले आहे. पाकिटाला तिकीट लागायचे ते लागणारच, मग दोन्ही अंगांनी भरून का लिहू नये?

दादा, यंदा मुरबाडात संशोधनाचा नुसता सुकाळ झाला आहे! आषाढात पुण्याहून एक गृहस्थ मुलांची स्मरणशक्ती मोजायला शाळेत आले. वीस वस्तूंची नावे एकदा सांगून परत म्हणायला लावीत. आपल्या कमळने एकोणीस सांगितली आणि विसावी जी पाटी, ती हातात असूनही विसरली. त्यांच्यामागून शेतकीवाले आले आणि धसईच्या बाजूची माती बाटल्यांत भरून घेऊन गेले. आमच्याकडे भांड्यांना येणारी राही म्हणाली, “बाय, यांना तिकडं माती नाय मिलत का गो?” आणि तिसरे आले डॉक्टर खोपकर. ते हिवतापाचे संशोधन करतात. पुढचे सगळे रामायण त्यांचेच.

हिवताप म्हटल्यावर मी दोन्ही कान टवकारले, ते का हे तुम्हाला सांगायला नकोच. मागच्या दिवाळीत कमळ एकवीस दिवस अंथरुणावर होती. दिवसाआड थंडी, वर चार चार गोधड्या, आणि कोयनेलचे कडू औषध पाजले की तोंडातून परत. पोटात डाव्या अंगाला तापाने सुजलेली पानथरी दोन बोटे हाताला लागायची. नरकचतुर्दशीला तिला अभ्यंग घालता आले नाही, तेव्हा मी देवापुढे बसून म्हटले होते की पुढच्या दिवाळीला हिला उटणे लावू दे, दुसरे काही मागत नाही. डॉक्टरांनी तिचे पोट दाबून पाहिले आणि म्हणाले, “बाई, आणखी एकदोन वर्षे असा ताप आला तर पोर सोसणार नाही.”

त्यांचे म्हणणे असे, की डासांच्या अळ्या साठलेल्या पाण्यात वाढतात, आणि बोटाच्या पेराएवढे काही मासे असे असतात की त्या अळ्या मटामट खातात. म्हणून त्यांनी गावातल्या सात विहिरींना नंबर दिले. चार विहिरींत मासे सोडायचे, तीन तशाच ठेवायच्या आणि दर दोन दिवसांनी अळ्या मोजून ताडून पाहायचे. आपल्या परसातली विहीर नंबर चार. मासे कल्याणहून सर्व्हिस मोटारीत, घासलेटच्या धुतलेल्या डब्यातून आले. (टोकावड्याच्या एका म्हातारीने डब्यात डोकावून “एवढ्याशा मासलीचं कालवन काय व्हनार?” म्हणून वाटभर डॉक्टरांची कीव केली.)

आता सासूबाईंची विहीर, तिच्यात मासे! त्या ओसरीवर बसल्या, जपमाळ खाली ठेवली आणि म्हणाल्या, “मी आजपासून पाणी सोडले.” इकडची स्वारी नेहमीप्रमाणे कचेरीचे काम आठवून बाहेर पडली. तेव्हा मी पुढे झाले. म्हटले, सासूबाई, मनूच्या ओंजळीत जो मासा आला तो कोण? साक्षात विष्णू. मनूने त्याला आधी घागरीत ठेवले, मग कुठे? विहिरीत! मग तळ्यात, मग गंगेत, मग समुद्रात. सासूबाई उठल्या, सोवळे नेसल्या आणि विहिरीच्या काठाला हळदकुंकू वाहून आल्या. दादा, त्या वेळी मला आपल्या हुशारीचा इतका अभिमान वाटला की त्या भरात मी कढीत मीठ दोनदा घातले.

मोजणीचे काम खरे डॉक्टरांच्या जयराम कंपाउंडरचे. पण डॉक्टरांचा अळ्या उपसायचा पांढरा डाव सासूबाई आमच्या विहिरीत बुडवू देईनात (कुठकुठल्या डबक्यांत बुचकळलेला!). शेवटी आमचे आमटी वाढायचे पितळी ओगराळे घ्यायचे ठरले. त्यात डावाच्या दीडपट पाणी मावते, तेव्हा दोन मापांचा मेळ कसा घालायचा यावर दोघे पुरुष अर्धा तास हुज्जत घालत होते. मी दाराआडून त्रैराशिक करून सांगितले. डॉक्टरांनी विचारले, “बाई, शिकला आहात किती?” मी म्हटले, मॅट्रिक. पुढच्याच आठवड्यात जयरामला हिवताप आला (हिवतापाच्या संशोधनात खुद्द मदतनीसच आडवा!) आणि मोजणीची वही माझ्याकडे आली. दादा, लग्न झाल्यापासून दूध, वाणी आणि धोबी याखेरीज मी वहीत काही लिहिले नव्हते. त्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढण्याआधी मी हात दोनदा धुतले.

पहिल्या दिवशी दहा ओगराळ्यांत त्रेचाळीस अळ्या. आठ दिवसांनी अकरा! मी आनंदाने घरात सगळ्यांना मोजणी सांगत सुटले. आणि मग, दादा, आकडा उलटा फिरला. गोकुळाष्टमीला एकोणीस. गणेशचतुर्थीला अडतीस. पितृपंधरवड्यात एकसष्ट! मासे नसलेल्या विहिरींत पन्नासाच्या आत आणि आमच्या मासेवाल्या विहिरीत एकसष्ट. मी तीनतीनदा मोजले. पाणी वस्त्रगाळ करून मोजले. मासे मेले म्हणावे तर काठावर पावलांचा आवाज होताच सगळे वर येऊन तोंडे वासत. आणि अंगाने तर असे भरले होते की गणपतीत जेवून आलेले भटजी आठवावेत.

डॉक्टर आले, वही पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, “दसऱ्यापर्यंत आकडा दहाच्या खाली आला नाही, तर या तालुक्यात मासे निरुपयोगी असे मला लिहावे लागेल. मग विहिरींना लोखंडी झाकणे आणि वर हाताचा पंप.” सासूबाईंनी दाराआडून विचारले, पंपाच्या आत काय असते? डॉक्टर सरळ मनुष्य, सांगून बसले, “चामड्याची चकती.” झाले! सासूबाई म्हणाल्या, चामड्यातून आलेले पाणी देवाला नाही आणि मलाही नाही, मी आपली नाशकाला वन्संकडे जाते. आणि त्या नुसते बोलत नाहीत, त्यांनी वळकटीला दोरी शोधायला घेतली. म्हणजे एकीकडे सासूबाई नाशकाला, दुसरीकडे एकसष्ट अळ्या, आणि मध्ये माझी कमळ ओसरीवर गजगे खेळत बसलेली. रोज संध्याकाळी मी तिच्या कपाळाला हात लावून बघायची.

कोडे सोडवले ते राहीने. ती अंगणाच्या कडेला, विहिरीपासून लांब बसून भांडी घासते, पण तिला सगळे दिसते. मी ओगराळे घेऊन रडवेली उभी होते. ती राखेचा हात न थांबवता म्हणाली, “बाय, तुमी मोजता कशाला? म्हातारी आय रोज त्यांना पोटभर वाढते. आमची कोंबडी पन दाना टाकला का किडं येचत नाय.”

दादा, मी तिथेच पायरीवर बसले. सासूबाई रोज स्नान करून येताना नैवेद्याचा भात विहिरीत घालत होत्या! मनूचा मासा वाढून समुद्राएवढा झाला ना, मग हा वाढायला नको का? त्यांचे पाहून आळीतल्या सगळ्या बायकांनी सुरू केले. सोमवारी लाह्या, शुक्रवारी फुटाणे, एकादशीला (उपास मोडू नये म्हणून!) साबुदाणा, आणि पितृपंधरवड्यात तर वड्यांचे तुकडे. पाहुणचारच चालला होता, मग अळ्यांना विचारतो कोण? आणि या सगळ्याचे मूळ कोण, तर पुराण सांगणारी मी.

आता सासूबाईंना ‘घालू नका’ कोणत्या तोंडाने सांगू? देवाच्या तोंडचा घास काढला असे झाले असते. दोन दिवस मी विचार केला. तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंना पोथी वाचून दाखवताना चातुर्मासाचे नेम आले, त्यात अयाचित व्रत आले. कोणाकडे मागायचे नाही, कोणी मुद्दाम वाढलेले घ्यायचे नाही, आपोआप समोर येईल तेवढेच खायचे. तिथे थांबून मी सहज बोलल्यासारखे बोलले, की चातुर्मासात आपण माणसे एवढे नेम करतो, मग पाण्यातल्या देवाचाही काही नेम असेलच. विहिरीत जे आपोआप येईल तेवढेच खायचे, असा. (पोथीत हे नाही. त्याबद्दल मी देवापुढे एकवीस प्रदक्षिणा घातल्या आहेत.) सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला. “अगो, म्हणजे मी दोन महिने रोज त्याचे व्रत मोडत होते?”

घटस्थापनेपासून त्या विहिरीच्या काठी पाट टाकून बसल्या. हातात काठी. आळीतली कोणी द्रोण घेऊन आली की म्हणायच्या, “परत फीर गो, त्याचे अयाचित आहे.” रंगूवहिनी लाह्यांची मूठ पदराआड लपवून आल्या होत्या, त्यांचा पदरच झडतीला घेतला! आणि आकडा, दादा? पंचमीला चाळीस. सप्तमीला सतरा. नवमीला चार. दसऱ्याच्या सकाळी दहा ओगराळी भरून काढली आणि एकही नाही! मी पुन्हा काढली. पुन्हा एकही नाही! मी ओगराळे हातात घेऊन अंगणात अशी धावले की इकडच्या स्वारीला वाटले, विंचू चावला.

वहीत शेऱ्याच्या रकान्यात मी खरे तेच लिहिले: ‘आश्विन शुद्ध प्रतिपदेपासून नैवेद्य बंद.’ डॉक्टरांनी ती ओळ वाचली, मग आकडे, मग पुन्हा ती ओळ, आणि उभे राहून हसत सुटले. म्हणाले, “बाई, मासे सोडले की काम झाले असे आम्ही समजत होतो. ते जेवून बसलेत की उपाशी आहेत, हे कोणी विचारलेच नाही!” ते आता हे सगळे मुंबईच्या डॉक्टरांपुढे वाचणार आहेत, वहीतले आकडे जसेच्या तसे. मी त्यांना सांगितले की शोध माझा नाही, राहीचा आहे, आणि त्यांनी तिचे नाव लिहून घेतले. राही म्हणाली, “माझं नाव कशाला, कोंबडीचं घाला.”

आणि सर्वांत मोठी गोष्ट शेवटाला ठेवली होती. कोजागिरी झाली, वद्य पंचमी आली, आणि कमळच्या अंगात कणकण नाही. पानथरी दोन बोटांची एक बोट झाली. वाण्याकडे उटण्याचे सामान सांगून ठेवले आहे, या वर्षी थोडे जास्तच.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्राचे उत्तर सावकाश पाठवले तरी चालेल.

तुमची
ठकू

ता. क. सावकाश नको, उलट टपाली पाठवा. अयाचित व्रत चातुर्मासापुरते आहे हे आनंदाच्या भरात माझ्या ध्यानातच आले नाही. कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपतो. आळीतल्या बायकांनी देवाच्या पारण्याची तयारी आताच सुरू केली आहे. एकीच्या घरून बुंदी यायची आहे, दुसरीकडून पुरणपोळी. आणि डॉक्टर शेवटची मोजणी करणार त्रिपुरी पौर्णिमेनंतर! तेव्हा तुमच्या ओळखीच्या शास्त्रीबुवांना विचारून बाराही महिने चालेल असे एखादे व्रत शोधून, संस्कृतात दोन ओळींसह कळवावे. खरे म्हणजे पत्र त्यासाठीच लिहायला घेतले होते.

ता. ता. क. पाकिटाला खळ लावत होते तेवढ्यात सासूबाई जवळ येऊन बसल्या आणि विचारले, “दादांना व्रताचे लिहिलेस का?” माझ्या हातातली खळ सांडली. राहीने कोंबडीची गोष्ट त्यांनाही त्याच दिवशी सांगितली होती म्हणे. मी म्हटले, मग पोथी ऐकताना बोलला का नाहीत? म्हणाल्या, “तू इतक्या मन लावून थापा मारत होतीस, तुला मध्येच कशी तोडू? आणि कमळ माझी कोणी लागत नाही का?” तेव्हा व्रत त्यांच्यासाठी नको, आळीतल्या बायकांसाठीच हवे आहे. त्यांचा निरोप तेवढा लिहिते: श्लोक कसलाही चालेल, पण त्या व्रताला साबुदाणा चालत नाही असे त्यात स्पष्ट असावे.