सहाच्या आधी सात

अण्णा, मागच्या रविवारी मी एका माणसाला सत्तर जणांसमोर खोटं ठरवलं. तो खरं बोलत होता, आणि हे त्या सत्तर जणांत फक्त मला माहीत होतं.

फोनवर आमचा एक ग्रुप आहे. सुपरहिरोंच्या सिनेमांवर बोलणारे लोक, बहुतेक संभाजीनगरचे आणि आजूबाजूच्या तालुक्यांतले. पडणारी वस्तू नुसत्या नजरेनं हवेत थांबवणारा तो नायक तुम्हाला आठवत असेल. त्याचा पहिला भाग टॉकीजात तुम्हीच प्रोजेक्टरवर सात आठवडे चालवला होता. दुसऱ्या भागात नट बदलला तेव्हा मी पाचवीची परीक्षा दिली होती, आणि हा बदल मला अजिबात मान्य नव्हता. आता इतक्या वर्षांनी तिसरा भाग येतोय. दिग्दर्शक नवा आहे आणि त्यानं दुसऱ्या भागातल्याच नटाला परत घेतलंय. त्यावरून ग्रुपमध्ये रोज जुंपते. एका गटाचं म्हणणं, हा नट म्हणजे दगड आहे. बहीण पुलावरून पडते, हा तिला वाचवू शकत नाही, ती मरते आणि पुढच्या प्रसंगात याच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. दुसऱ्या गटाचं म्हणणं, नटाचा काय दोष, त्या वेळच्या दिग्दर्शकालाच काही कळत नव्हतं. मी कोणत्याच बाजूला नसते. कुठलं दृश्य किती लांबीचं, कशानंतर काय येतं, हे लोक विचारतात आणि मी तपासून सांगते. सगळे मला 'सर' म्हणतात. मी बाई आहे का हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पिशोरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला एक जण त्या नटाचा एकटा कैवारी होता. रविवारी दुपारी त्यानं लिहिलं, "तुम्ही पिच्चर नीट पाह्यलाच नाय. आधी तो घरात जिन्यावर बसलेला असतो. टेबलावरून कप पडतो अन् तो थांबवत नाय, नुसता बघतो. का ते आपल्याला माहीतच नसतं. मग पुलाचं येतं. तवा कळतं. काटा येतो राव अंगावर." लगेच सगळे तुटून पडले. "कोणत्या दुनियेत पाहिला भाऊ?" "आधी पूल, मग कप. दहा वेळा बघितलाय." "पिशोरसाठी वेगळा काढला होता का?" तो म्हणाला, शहरात पाह्यला, मामासोबत, पैल्या दिवशी, बाराचा शो. मग कुणीतरी लिहिलं, "सर, आता तुम्हीच निकाल द्या."

मी लिहिलं, "आज उपलब्ध असलेल्या प्रत्येक प्रतीत पूल आधी आहे आणि कप नंतर. वेगळ्या क्रमाची प्रत निघाल्याची कुठेही नोंद नाही." वाक्यात एकही चूक नव्हती. त्यानं उत्तर दिलं, "ठीक हाय सर. तुम्ही म्हणता तर मीच खोटा." आणि तो ग्रुपमधून निघून गेला.

वाळूजच्या एका कारखान्यात मी मोजमापाच्या विभागात आहे. यंत्राचे सुटे भाग केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक मापापर्यंत तपासते. सदोष भाग पास झाला तर आमच्याकडे मोठी चौकशी होते. चांगला भाग नापास केला तर फारसं कुणी बोलत नाही, तो भंगारात जातो एवढंच. सोमवारी दिवसभर मला हे आठवत राहिलं.

तो बाराचा शो. मे महिना, आई मावशीकडे गेलेली, म्हणून तुम्ही मला फुलंब्रीहून सकाळच्या बसनं सोबत आणलंय. प्रोजेक्टरच्या खोलीत भट्टीसारखं तापलंय. एक मशीन चालू आहे आणि दुसऱ्यात पुढचं रीळ भरून तयार ठेवायचंय. एकच प्रिंट दोन टॉकीजांत चालते. तिकडचा खेळ तासभर आधी सुरू होतो आणि तिकडे संपलेली रिळं चाचा सायकलवर आपल्याकडे आणतात. डब्यावरच्या आकड्यावर तुम्ही कधीच विसंबत नाही. फितीचं टोक उजेडाकडे धरून त्यावर लिहिलेला आकडा वाचता, मोठ्यानं म्हणता, "पाच," आणि मगच भरता. त्या दिवशी पाचवं रीळ संपायला तीन-चार मिनिटं उरली तरी चाचांचा पत्ता नाही. शेवटी धापा टाकत वर आले, सहावं आणि सातवं दोन्ही एकदम घेऊन. "चेन उतर गई भाई, दो दफा! अब डाँटो मत, पहले लगाओ!" आणि मी तुमच्या कानाशी. नवा नट वाईट आहे, त्याला डोळेच नाहीत, पहिला किती चांगला होता, कुणी बदलला, का बदलला. तुम्ही फीत भरता भरता मला समजावता, "अगं, असंल त्याची काही अडचण. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" त्या वेळी तुम्ही आकडा म्हणाला नाहीत.

मशीन बदललं आणि पडद्यावर रिकामं घर आलं. जिन्यावर तो बसलेला. कप टेबलाच्या कडेला सरकत होता.

"आयला, सात लागलं." तुमचा हात शटरच्या दांड्यावर गेला. तुमच्या चेहऱ्याचा रंग असा उतरलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. दांडा ओढून पडद्यावरचं चित्र बंद करायचं, दिवे लावायचे, लोकांच्या शिट्ट्या खायच्या, सहावं रीळ चढवायचं. पाच मिनिटांचं काम. तुम्ही भिंतीतल्या चौकोनी भोकातून खाली पाहिलंत. मीही बाजूला डोकं घातलं. हॉल भरलेला होता. एरवी शेंगांची टरफलं, आरडाओरडा, पोरांचं रडणं. आता मला पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. कप पडला, फुटला, आणि त्यानं तो थांबवला नाही. खालून एक माणूस हळूच म्हणाला, "काऊन नाय थांबवला?" त्याच्यावर कुणी खेकसलं नाही. तुम्ही दांड्यावरून हात काढलात. "राहू दे," म्हणालात. मला म्हणालात का स्वतःला, ते मी विचारायचं राहिलं.

मग तुम्ही त्याच्यामागून सहावं लावलंत. आधी घडून गेलेलं आता दाखवावं तशी बहीण हसत पुलावर आली, आणि काय होणार हे हॉलमधल्या प्रत्येकाला तिच्या आधी कळलं. खालून एक आवाज आला, शेकडो माणसांनी एकदम श्वास आत घ्यावा तसा. मी अकरा वर्षांची होते. ज्या चेहऱ्याला सकाळपासून नावं ठेवत होते तो चेहरा मला एकाएकी समजला होता. आठवं रीळ सुरू झालं तेव्हा कुणाला काही चुकल्याची शंकाही नव्हती.

खेळ सुटल्यावर मॅनेजर जिना चढून वर आले. तुम्ही उभे राहिलात, हात मागे. "क्या पिच्चर है! लोग उठने का नाम नहीं ले रहे," एवढं म्हणून ते खाली गेले. तुम्ही स्टुलावर बसून अख्खा तांब्या संपवलात. "हे कुणाला सांगायचं नाय. मायलाबी नाय. इतक्या वर्षांत आज एकदा आकडा वाचला नाय म्या. मालकाला कळलं तर नोकरी जाईल. शप्पथ?" मी म्हणाले, शप्पथ.

तीनच्या खेळाला सगळं क्रमानं लागलं. पूल, मग घर, जिना, कप. मी त्याच भोकातून पाहत होते. बहीण नुकतीच गेलेली आणि हा कोरड्या चेहऱ्यानं बसलेला, कुणीतरी ओरडलं, "अबे, रो तो ले!" आणि सगळा हॉल हसला. लोक त्याला दगड म्हणत जिना उतरले. मी तुम्हाला म्हणाले, "अण्णा, उद्या परत सात आधी लावा ना." तुम्ही माझ्यावर आवाज चढवल्याचं मला तेवढंच आठवतं. "पिच्चर ज्यानं बनवला त्याचा हाय. मी दाखवणारा माणूस. आज चूक झाली माझ्याकडनं. तिला हुशारी म्हणायचं नाय, समजलं?"

तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं होतील. टॉकीज त्याच्याही आधी बंद पडलं. मालकही राहिले नाहीत. त्या शपथेआड आता तुमची नोकरी नव्हती, माझी गप्प बसायची सवय होती.

मंगळवारी माझी सुट्टी होती. मी तो सिनेमा कॉम्प्युटरवर घेतला, तीन ठिकाणी कापला, आणि सहाच्या आधी सात लावून पाहिला. मला प्रत्येक फ्रेम माहीत होती. तरी कप सरकायला लागला तेव्हा मी टेबलाची कड घट्ट धरली होती. मग दोन्ही क्रमांतला त्याचा चेहरा शेजारी शेजारी लावून तपासला. फरक शून्य. एका भुवईचासुद्धा नाही. रोज मोजण्याचं काम करणारी मी त्या शून्याकडे बराच वेळ पाहत बसले. तुम्ही त्या हॉलमधल्या लोकांना जे दिलंत ते कुठल्या मापात धरायचं, मला कळत नाही.

मग त्या माणसाला फोन केला. दुकानाचा नंबर त्यानंच कधीतरी ग्रुपवर टाकला होता.

"बोला, कोणता मोबाईल हाय?"

"मोबाईलचं काम नाही. ग्रुपवर तुम्ही ज्यांना सर म्हणता, ती मी."

"आँ? सर बाई हायत व्हय?"

मी सगळं सांगितलं. चाचांची सायकल, दोन रिळं, भोकातून दिसणारा हॉल. मधे त्याच्याकडे कुणीतरी चार्जर मागितला, तर म्हणाला, "थांबा हो मावशी, पळून नाय चाललं चार्जर."

"म्हंजी मी पाह्यलं ते खरं व्हतं."

"हो."

"लग्नानंतर बायकोला सांगितलं, मग तिनं टीव्हीवर पाह्यला अन् म्हणाली, तुमचं डोकं फिरलंय. मलाबी वाटाया लागलं व्हतं ताई, का मीच मनानं रचलं." मग त्यानं विचारलं, "एक सांगा. वडिलांनी ते मुद्दाम केलं का चुकून?"

"मुद्दाम," मी म्हणाले.

"वाटलंच मला. असं चुकून होत नसतंय."

त्याला विचारून मी त्याला ग्रुपमध्ये परत घेतलं आणि सगळी हकिकत लिहिली. माझा रविवारचा निकाल चुकीचा होता हे लिहिलं, मी कोण तेही लिहिलं. अण्णा, तीन दिवस झाले, तिसऱ्या भागाचं कुणी नाव काढत नाही. भांडण तुमच्यावर चाललंय. "प्रोजेक्टरवाल्याला हा अधिकार दिला कुणी?" "अरे, त्यांनीच पिच्चर वाचवला!" "उद्या डॉक्टरचा कंपाउंडर ऑपरेशन करील, चालंल का?" "नव्या दिग्दर्शकाला म्हणावं, आधी अण्णांचा शो बघ." एकानं माझ्यासारखंच रिळांचा क्रम बदलून पाहिला आणि फक्त लिहिलं, "माफ करा भाऊ." ते पिशोरच्या दुकानदारासाठी होतं. जे लोक पंधरा दिवस त्या नटाला दगड म्हणत होते ते आता त्याच्याबद्दल जरा जपून बोलतात. तुम्हाला कधीही न पाहिलेली सत्तर माणसं तुम्हाला अण्णा म्हणतात. मी एकेक ओळ वाचते आणि फोन बाजूला ठेवून पुन्हा उचलते.

काल एकानं विचारलं, "ताई, मुद्दामच ना? नक्की?" मी लिहिलं, "नक्की."

रीळ लावलंत ती चूक होती आणि दांड्यावरून हात काढलात ते मुद्दाम होतं. हे दोन वेगळे करून लिहायला मला दोन ओळी पुरल्या असत्या. तुम्ही त्या चुकीला हुशारी म्हणू नको असं बजावलं होतं, तेही मला शब्दाशब्दानं आठवत होतं. हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं. तुम्ही मला लगेच ग्रुपवर दुरुस्ती करायला लावली असती, आणि मला ती करायची नाही.