घरची बाटली

प्रिय बायो,

तुझं पार्सल काल मिळालं. दोन फ्रॉक, दुधाच्या पावडरीचा डबा आणि पत्र. टपालाचा खर्चच फ्रॉकच्या किमतीएवढा! पुन्हा पाठवू नकोस. डबा तसाच बंद ठेवलाय, डॉक्टरीणबाईंनी चिमणीला तूर्त दूध द्यायचं नाही म्हणून सांगितलंय.

मागच्या पत्रात तिचं पोट जरा बिघडलंय एवढंच लिहिलं होतं. तू नोकरी सोडून धावत येशील म्हणून लिहिताना हात आखडला. खरं सांगते, तुझी लेक वाळून गेलीय गं. नवे फ्रॉक खांद्यावरून घसरतात. जुलाब थांबल्यासारखे होतात आणि पुन्हा सुरू. पूर्वी नुसतं खरचटलं तरी घर डोक्यावर घ्यायची, आता सुई टोचली तरी नुसती माझ्याकडे बघते. त्या बघण्यापेक्षा रडणं परवडलं.

बाईंनी शौचाची तपासणी सांगितली. असली वस्तू परक्याच्या हातात द्यायची म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं. घरात खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली होती. ती फिनेलने घासली, वास मरावा म्हणून थोडं तळाशी राहू दिलं. तपासणीत काही निघालं नाही. तेलाचा विचार न करता मी देवापुढे दिवसभर दिवा तेवत ठेवला. पोर मात्र आणखी खंगली. दुसऱ्यांदा गेले तेव्हा तपासणीवाल्याने बाटली हुंगली आणि म्हणाला, अहो आजी, तुम्हीच आधी मारून आणताय, मग आम्ही शोधायचं काय! सगळे हसले. मीही हसले, आणि जिन्यात येऊन रडले.

मग त्यानेच दिलेल्या कोऱ्या डबीत नेलं, तेव्हा सापडलं. आतड्यात परजीवी आहेत, डोळ्यांना न दिसणारे. खाल्लेलं अंगी लागू देत नाहीत. औषध सुरू झालंय, पण कालपासून तेही पोटात ठरत नाही. मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने पाजते, तर ती ओठ मिटून घेते. देवाला तरी किती वेळा तेच सांगायचं? उद्या उतार नाही पडला तर दवाखान्यात ठेवायचंय. तू ये, असं म्हणायला आता मला लाज नाही.

पण हे पत्र तेवढ्यासाठी नाही. बाईंनी मलाही तपासून घ्यायला लावलं. म्हटलं, मला काय धाड भरलीय, दगड पचवते मी. तर तेच माझ्याही पोटात निघालं. काही त्रास न देता ते राहतं म्हणे, आणि भरवणाऱ्या हातातून पोरांच्या पोटात जातं. चिमणीला मीच भरवते. आणि तिला माझ्याकडे सोडायला तू धाकट्याला घेऊन येऊन राहिलीस, तेव्हा त्यालाही मीच भरवत होते. तू लिहितेस, दात येतायत म्हणून बाळाला जुलाब होतायत. दात म्हणून सोडून देऊ नकोस गं. पत्र हातातून ठेव आणि त्याला तपासणीला ने. डबी तिथूनच माग, घरची बाटली नेऊ नकोस. त्याचे डोळे खोल गेलेत का, पाणी पोटात ठरतं का, एवढं उलट टपाली कळव.

तुझीच,
आई