आक्काचं हिरवं लुगडं

वाई, मंगळवार, दिवेलागण

सुनेचा खोकला थांबला असेल का? पोटुशी नात वेळेवर जेवत असेल ना? तिच्या बाळाच्या वाकळेला जुनी, मऊ कापडं जमवत हिंडतेय मी. वडूजला दोन मिळाली. आज इथं बोहारणीनं हिरवं लुगडं उलगडलं.

"घ्या की मावशी, कवापासनं तुमच्याकडंच बघतंय ते!" म्हणून हसली.

पदराला लाल दोऱ्याचे सात टाके. माझेच! पण हे लुगडं तर माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, शेवटचं नेसवलेलं, तिच्यासंगं सरणावर गेलेलं. तरी घेतलंच, हात मागं येईना.

आत्ता टाके पुन्हा मोजले. आठ भरले. आठवा उलट्या बाजूला तिरका, डावखुरी आक्का घालायची तसा.

तिला मूल नव्हतं.

आक्के, बाळाला पांघरायला आलीस की न्यायला? शिवायला घेण्याआधी कळव गं, लवकर.