गुलबर्ग्याला सापडलेलं पान

गेवराई,
१२ मे २००२

चि. कावेरीस,

अप्पाचा शरणार्थ आणि आशीर्वाद. योगीराज आणि सूनबाई मजेत आहेत. ऊन लई तापलंय. चार वर्षांनी लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

परवा कारखान्यात गुलबर्ग्याचे एक दुकानदार आले. हातात छापलेला कागद, त्यावर आपल्या सरकी टोकून पेरायच्या यंत्राचा फोटो. म्हणाले, "सहा महिने असं यंत्र शोधत होतो. इंटरनेटवर तुमचं पान सापडलं." मी योगीराजकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. "नवी वेबसाइट कावेरीनं केली, अप्पा. तुमाला सांगू नको म्हणाली."

मग त्यानं मला इंटरनेट कॅफेत नेऊन सगळं दाखवलं. आधीच्या माणसानं केलेली वेबसाइट नुसती चित्रांची होती. सर्च इंजिनला अक्षरं वाचता येतात, चित्रातलं न्हाई. म्हणून आपण कुणालाच सापडत नव्हतो. तू प्रत्येक यंत्राला वेगळं पान दिलंस, फोटोत काय आहे ते फोटोमागं शब्दांत लिहिलंस, पहिल्या पानावरून सगळ्या पानांना वाट काढून दिलीस. तीन महिने काहीच दिसलं नाही, तरी दर आठवड्याला बघत राहिलीस, दुरुस्त करत राहिलीस.

पानाच्या माथ्यावर यंत्राचं नाव बघून मी भडकलो. "माझं नाव खाली कावून?"

"तुमचं नाव ठाऊक असलेला शोधंल कशाला? ज्याला ठाऊक न्हाई, त्याच्यासाठी हाय हे. कावेरीच म्हणाली."

तीस वर्षं धंदा केला, पण गिऱ्हाइकाच्या जागी बसून असा विचार मला कधी सुचला नाही, पोरी.

खरं तर हे सांगायला पत्र लिहीत नाहीये. तुझा कॉम्प्युटर कोर्सचा फॉर्म टपालात गहाळ झाला, असं मी सांगितलं होतं. तो गहाळ झाला नव्हता. मी टाकलाच नाही. तुझं एक वर्ष गेलं. पुढच्या वर्षी तू स्वतःच्या हिमतीवर पुण्याला निघालीस, तेव्हा "परत उंबरा चढू नको" म्हणणाराही मीच.

जाताना गुलबर्ग्याच्या माणसानं विचारलं, "हे लिहिलं कुणी?" मी म्हणालो, "माझ्या पोरीनं."

पुढच्या सोमवारी पुण्याला येतोय. दार उघडलं नाहीस तरी रागावणार नाही. पायरीवर थोडं बसून परत फिरेन.

बाप म्हणून सही करायची की नाही, हे तुझ्यावर सोडतो.

शिवलिंगप्पा